एका बिटाचा फेरफार

मंडळी, सॉफ्टवेअरच्या धंद्यात सगळ्यात जास्त घात करणारं वाक्य कुठलं, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: 'वागणुकीत काही बदल नाही, नुसती सफाई केली आहे.' नवीन फीचरचा पॅच रिव्ह्यूला आला की आपण सावरून बसतो. टेस्ट कुठे आहेत, एरर आली तर काय, असे दहा प्रश्न विचारतो. रिफॅक्टरिंगचा पॅच मात्र चहाचा कप हातात धरूनच वाचला जातो. ओळी कमी झाल्यात, नावं बरी झालीत, दोन ठिकाणचा सारखा कोड एका ठिकाणी आलाय. छान! ओके!

या वीकएंडचा लेख अशाच एका सफाईबद्दल आहे, आणि ती सफाई झाली लिनक्स कर्नलच्या मेमरी मॅनेजमेंटमध्ये. खरं तर ही एका बिटाची गोष्ट आहे. हो, एका बिटाची. २००५ ते २०२२ अशी सतरा वर्षं या एका बिटानं जगातल्या अत्यंत हुशार लोकांना पुन्हा पुन्हा त्याच वळणावर आणून उभं केलं. कोड लिहिणारे चांगले होते, तपासणारेही चांगले होते. तरीही एकच भोक बुजवलं की दुसऱ्या जागी उघडत राहिलं. असं काहून झालं, हे समजून घेण्यासारखं आहे.

'आपण कुठे कर्नल लिहितो भाऊ, आपल्याला काय त्याचं?' असं म्हणणाऱ्यांसाठी आधी एक गोष्ट सांगतो. याच भोकाचा फायदा घेणारं झेडएनआययू नावाचं अँड्रॉइडवरचं मालवेअर २०१७ साली सापडलं. ट्रेंड मायक्रोच्या अहवालाप्रमाणे ते चाळीसहून जास्त देशांत पसरलं होतं आणि सगळ्यात जास्त बळी होते चीन आणि भारतात. म्हणजे कर्नलमधला तो बिट इर्विन चौकात उभं राहून मोबाइल बघणाऱ्या पोरापासून फार लांब नव्हता.

आता मेमरी मॅनेजमेंट म्हणजे काय ते थोडक्यात बघू, आणि त्यासाठी आपल्या वऱ्हाडातूनच सुरुवात करू.

अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचं गाव आहे. डॉ. विजय भटकर यांचा जन्म तिथला, १९४६ सालचा. पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला, हे आपल्या भागात सगळ्यांना अभिमानानं सांगता येतं. पण त्याच्या आत काय होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. आत होते इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे टी८०० ट्रान्सप्युटर. या चिपची गंमत अशी की तिच्यात एमएमयू, म्हणजे मेमरी मॅनेजमेंट युनिट, नव्हतंच! प्रत्येक प्रोसेसरची मेमरी त्याची स्वतःची. दुसऱ्याच्या मेमरीतलं काही हवं असेल तर चार लिंकपैकी एकीवरून निरोप पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. प्रत्येकाचं शेत वेगळं, बांध पक्का, शेजाऱ्याकडून काही हवं तर हाक मारा. प्रोग्रामरला त्रास जास्त, कारण प्रत्येक देवाणघेवाण त्यानंच लिहायची. पण एका प्रोसेसरनं नकळत दुसऱ्याची मेमरी खराब केली, हा प्रश्नच तिथे येत नाही. वाटून घेतलंच नाही, तर भांडण कशावरून होणार?

योगायोग बघा, त्याच १९९१ साली तिकडे हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाचा विद्यार्थी इंटेलच्या ३८६ वर लिनक्स लिहीत होता. ३८६ मध्ये एमएमयू होतं, आणि लिनक्स अगदी पहिल्या आवृत्तीपासून नेमकं उलटं तत्त्व वापरत आलाय: जमेल तितकं वाटून घ्या. एक प्रोसेस फोर्क होऊन दोन झाल्या तर मेमरीची लगेच नक्कल करायची नाही. दोघांनाही तीच पानं दाखवायची, फक्त 'वाचू शकता, लिहू शकत नाही' असा शेरा मारून. ज्या क्षणी कोणी लिहायला जाईल त्या क्षणी त्या एका पानाची प्रत करून त्याला द्यायची. याला म्हणतात कॉपी-ऑन-राइट. कल्पना लिनसची नाही, टेनेक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येही ती होती. पण आज तुमचा फोन पटकन अ‍ॅप उघडतो, त्यात या काटकसरीचा मोठा वाटा आहे.

आपल्याकडे हे समजायला अजिबात अवघड नाही. बाप गेल्यावर तिघा भावांची नावं सातबाऱ्यावर सामाईक लागतात. जोपर्यंत सगळे नुसते 'आमचं शेत आहे' म्हणतात तोपर्यंत काम भागतं. एकाला विहीर खोदायची झाली की मात्र आधी वाटणी, मग फेरफार, मग विहीर. वाटणीशिवाय कुदळ मारायची नाही. कॉपी-ऑन-राइट म्हणजे इतकंच: वाटणीशिवाय कुदळ नाही. आणि कोणाकडे कुठलं पान आहे, काय हक्कानं आहे, हे ज्या दप्तरात लिहिलेलं असतं ते पेज टेबल.

या पेज टेबलच्या प्रत्येक नोंदीत काही बिट असतात. पान हजर आहे का, लिहायची परवानगी आहे का, वगैरे. त्यातलाच एक आपला नायक: डर्टी बिट. त्याचं मूळ काम अगदी साधं. 'या पानावर लिहिलं गेलंय. हे मेमरीतून काढण्याआधी मजकूर जपून ठेवा.' बस्स. सातबाऱ्यातल्या नमुना बारावर पिकाची नोंद असते ना, 'यंदा कपाशी पेरली', तसाच हा बिट. शेतात काम झालंय, एवढंच तो सांगतो. शेत कोणाचं आहे, हे सांगणं त्याचं काम नव्हे.

आणि इथेच सगळी मेख आहे, राजेहो. पीकपाहणीच्या नोंदीवरून मालकी सांगायला गेलेले किती खटले आपल्या कोर्टांनी पाहिले असतील! 'माझ्या नावानं पेरा लागलाय, म्हणजे वाटणी झालीच असणार.' कर्नलमध्ये अगदी हेच झालं.

त्याचं असं आहे की कर्नलला कधीकधी स्वतःहून एखाद्या प्रोसेसच्या पानात हात घालावा लागतो. उदाहरणार्थ, डीबगर. तुम्ही ब्रेकपॉइंट लावता तेव्हा प्रोग्रामच्या कोडमध्ये एक सूचना बदलावी लागते. पण कोडचं पान तर फक्त वाचण्यासाठी असतं आणि ते डिस्कवरच्या मूळ फाइलशी जोडलेलं असतं. म्हणून कर्नल डीबगरला एक खास सवलत देतो: पान फक्त वाचण्याजोगं असलं तरी चालेल, आधी त्याची खाजगी प्रत करू आणि त्या प्रतीत लिहू. मूळ फाइलला धक्का नाही. हे काम करणारं फंक्शन म्हणजे गेट-यूजर-पेजेस. ते एका लूपमध्ये चालतं. पहिल्या फेरीत विचारतं, 'लिहिता येण्याजोगं पान आहे का?' नाही. मग फॉल्ट घडवून प्रत तयार करतं. दुसऱ्या फेरीत पुन्हा विचारतं.

अडचण दुसऱ्या फेरीत आहे. प्रत तयार झाली, पण मॅपिंगच मुळात वाचण्यापुरतं असल्यामुळे प्रतीच्या नोंदीवरही 'लिहू नये' असाच शेरा असतो. म्हणजे पुन्हा 'नाही', पुन्हा फॉल्ट, हा लूप संपणारच नाही. मग जुन्या कोडनं एक युक्ती केली होती. एकदा प्रत झाली की दुसऱ्या फेरीत 'लिहायचंय' हा आग्रहच सोडून द्यायचा आणि 'नुसतं वाचायला पान द्या' असं म्हणायचं. मिळेल ते पान आपली प्रतच असणार, नाही का?

नाही. कारण दोन फेऱ्यांच्या मधल्या फटीत त्याच प्रोसेसचा दुसरा थ्रेड कर्नलला सांगू शकतो, 'ती प्रत मला नको, टाकून दे.' हा अधिकार त्याला रीतसर आहे. आता दुसऱ्या फेरीत 'वाचायला पान द्या' म्हटल्यावर हातात येतं ते मूळ फाइलचं पान. आणि कर्नल, वाटणी झालीच आहे अशा समजुतीत, त्यात लिहून मोकळा होतो. मूळ फाइल सिस्टिमची असेल, तुम्हाला फक्त वाचायचा हक्क असेल, तरी ती बदलली जाते. ती फाइल एखादा रूटच्या अधिकारानं चालणारा प्रोग्राम असेल तर पुढचं सांगायला नको.

आता तारखा बघा. ही फट लिनसला २००५ च्या ऑगस्टमध्येच दिसली होती! त्यानं तेव्हा पॅचही केला. लिहिण्यासाठी पान मागितलं असेल तर त्या नोंदीचा डर्टी बिट लागलेला असलाच पाहिजे, अशी अट घातली. पण दोनच दिवसांत ती अट मागे घ्यावी लागली. कारण होतं आयबीएमचं एस३९० मेनफ्रेम. त्या हार्डवेअरवर डर्टीची खूण पेज टेबलच्या नोंदीत नसायचीच, ती प्रत्यक्ष मेमरीच्या पानासोबत वेगळ्या ठिकाणी असायची. म्हणजे अट कधी पूर्णच होणार नाही, लूप फिरतच राहील. मग दुसरा उपाय आला, त्यात 'आग्रह सोडायची' युक्ती राहिली, आणि फटही राहिली. तेव्हा हरकत कोणाची नव्हती, कारण एवढ्या बारीक फटीत कोण वेळ साधणार? शर्यत केवळ कागदावरची होती.

पुढे कोअर वाढले, लॉक कमी झाले, मेमरीचा कोड जास्त समांतर चालायला लागला. कागदावरची शर्यत हळूहळू मैदानात आली. कोणी एक ओळ बदलली म्हणून असं झालं नाही, आजूबाजूचं जग बदलत गेलं. २.६.२२ पासून, म्हणजे २००७ पासूनच्या कर्नलांवर ही चाल करता येत होती, आणि २०१६ मध्ये फिल ऑस्टर यांना ती प्रत्यक्ष हल्ल्यात वापरली जात असलेली सापडली. तिला नाव पडलं 'डर्टी काऊ'. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये लिनसनंच दुरुस्तीचा पॅच लिहिला. त्याच्या कमिट संदेशात त्यानं स्वतःच सरळ लिहून ठेवलंय की हा जुना बग आहे, अकरा वर्षांपूर्वी आपण तो दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता आणि तो धड जमला नव्हता. बग फिक्स करताना त्याचा इतिहास इतक्या सरळपणे लिहिणं मला फार आवडलं.

एस३९० चा प्रश्न तोवर सुटला होता. २०१३ च्या ३.९ आवृत्तीपासून तिथेही डर्टी बिट सॉफ्टवेअरमधून नोंदीतच ठेवायला लागले होते. त्यामुळे २००५ ची कल्पना परत आणता आली. आता दुसऱ्या फेरीत 'लिहायचंय' हा आग्रह सोडायचा नाही. त्याऐवजी एक वेगळी खूण ठेवायची की 'आपण एकदा प्रत करून झालोय', आणि ती खूण असेल आणि नोंदीवर डर्टी बिट असेल तरच ते पान आपलं मानायचं. तर्क असा: फाइलचं मूळ पान या वाटेनं डर्टी झालेलं असूच शकत नाही. डर्टी आहे, म्हणजे प्रत आहे.

वाचायला अगदी बिनतोड वाटतं. पण नीट बघा, काय झालं? 'पेरा लागलाय' याचा अर्थ 'वाटणी झालीय' असा घेतला गेला. त्या दिवशी तो अर्थ बरोबरही होता. पण आता डर्टी बिटाला दोन कामं लागली. एक जुनं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. दुसरं नवीन, एका छोट्याशा फंक्शनमध्ये बसलेलं. आणि जो कोणी कर्नलमध्ये दुसरीकडे कुठे डर्टी बिट लावत असेल, त्याला या दुसऱ्या कामाची गंधवार्ताही नव्हती.

वर्षभरात पहिला फटका बसला. २०१७ च्या शेवटी 'ह्यूज डर्टी काऊ' बाहेर आला. लिनक्समध्ये २०११ पासून मोठी पानं आहेत, नेहमीच्या चार केबीऐवजी दोन एमबीची. त्यांच्या कोडमध्ये एक छोटं फंक्शन होतं, जे पानाला नुसता हात लागला, अगदी वाचायला लागला, तरी नोंद डर्टी करून ठेवायचं. इतकी वर्षं त्यानं कोणाचं काही बिघडलं नव्हतं. जास्तीत जास्त काय, एखादं पान उगाच जपलं जायचं. पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर 'उगाच डर्टी' म्हणजे 'उगाच मालक' झालं होतं. ती दुरुस्ती साध्या पानांसोबत मोठ्या पानांनाही लावली गेली होती, आणि तिथे मात्र तर्काचा पाया होताच कुठे? सुदैवानं नुकसान करण्याची व्याप्ती कमी होती. दुरुस्तीही सोपी होती: खरंच लिहायचं असेल तेव्हाच डर्टी करा.

आणि मग आला तो सफाईचा पॅच, ज्यासाठी मी हा सगळा पाल्हाळ लावलाय.

२०२१ साली मेमरी मॅनेजमेंटमध्ये काही सफाईच्या पॅचची एक मालिका आली. त्यातला एक पॅच अगदीच छोटा. यूजरफॉल्टएफडी नावाची एक सोय आहे, जिच्यात फॉल्ट आल्यावर पान कसं भरायचं ते प्रोग्राम स्वतः ठरवतो. तिथे नवीन नोंद टाकताना डर्टी बिट कधी लावायचा आणि कधी नाही, अशी एक अट होती, शेअर्ड मेमरीच्या एका खास प्रकारासाठी. पॅच म्हणाला, ही अट गरजेची नाही, सरसकट डर्टी लावू, कोड सोपा आणि स्वच्छ होईल.

आता कृपा करून असं समजू नका की कोणी डोळे मिटून शिक्का मारला. उलट! ती अट मुळात का आली होती, याचा इतिहास खणून काढला गेला होता. त्या भागातल्या जुन्या जाणत्या माणसानं तो समजावूनही सांगितला होता. जुनं कारण आता लागू नाही, हे नीट तपासलं गेलं. डर्टी बिटाच्या पहिल्या कामाच्या दृष्टीनं पॅच शंभर टक्के बरोबर होता. पान उगाच डर्टी झालं तर काय बिघडतं? काहीच नाही. हा बिट जास्त लावणं नेहमीच सुरक्षित, कमी लावणं धोक्याचं. कुठल्याही मेमरीवाल्याला झोपेतून उठवून विचारा, तो हेच सांगेल.

पण दुसरं काम? तलाठ्यानं ठरवावं की रजिस्टर सुबक दिसावं म्हणून प्रत्येक गटावर सरसकट पेरा लावून टाकू, आणि त्याच गावात कोर्टानं आधीच मानलेलं असावं की पेरा म्हणजे वाटणीचा पुरावा! ५.१६ आवृत्तीत हा पॅच गेला आणि डर्टी काऊ पुन्हा उघडला. या वेळी फक्त शेअर्ड मेमरीच्या आणि टीएमपीएफएसच्या फाइलींपुरता, पण होता तोच. फक्त वाचायचा हक्क असलेला माणूस त्या फाइलीत लिहू शकत होता. २०२२ च्या ऑगस्टमध्ये रेड हॅटच्या डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी तो जाहीर केला.

मला या गोष्टीत सगळ्यात विचार करायला लावणारी बाब वेगळीच वाटते. ५.१६ आवृत्ती आली जानेवारी २०२२ मध्ये. याच आवृत्तीत लिनक्सच्या मेमरीतलं एक मोठं रिफॅक्टरिंगही आलं: फोलिओ. मॅथ्यू विलकॉक्स यांनी ते २०२० च्या शेवटी मांडलं होतं. स्ट्रक्ट पेज नावाच्या एकाच गोष्टीला कर्नलमध्ये अनेक अर्थ होते. कधी सुटं पान, कधी मोठ्या पानाचं डोकं, कधी त्याचीच शेपटी. प्रत्येक फंक्शनला आत जाऊन तपासावं लागायचं की आपल्या हातात नेमकं काय आलंय. विलकॉक्स म्हणाले, एक नवीन टाइप करू. फोलिओ हातात असेल तर ती शेपटी नाही, याची हमी. यावर वर्षभर वाद झाला. नावावरून झाला, गरजेवरून झाला, फाइलींची मेमरी आणि बाकीची मेमरी एकाच टाइपमध्ये यावी का यावरून झाला. ५.१५ मध्ये ते घेतलं गेलं नाही. शेवटी ५.१६ मध्ये गेलं, आणि तो बदल त्यानंतरही वर्षानुवर्षं थोडाथोडा करत चालू राहिला.

म्हणजे एकाच आवृत्तीत, एकाच विभागात दोन रिफॅक्टरिंग आली. एकावर गावभर चर्चा झाली, दुसऱ्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. सुरक्षेचं भोक पाडलं ते दुसऱ्यानं. आपल्याकडे मोठ्या जमिनीच्या व्यवहाराला दहा जण हरकत घेतात आणि दोन गुंठ्यांचा फेरफार कोणाला न कळता मंजूर होतो, तसंच.

हिल्डेनब्रँड यांनी दुरुस्ती कशी केली, तेही सांगण्यासारखं आहे. 'सरसकट डर्टी' लावणारी ओळ काढून टाकणं सोपं होतं. पण त्यांनी मुळावरच घाव घातला. डर्टी बिटावरून प्रत ओळखायचा प्रकारच त्यांनी बंद केला. त्याच वर्षी कर्नलमध्ये एक नवीन खूण आली होती, जी थेट सांगते की हे पान फाइलचं नाही आणि ते फक्त याच प्रोसेसचं आहे. आता गेट-यूजर-पेजेस तीच खूण बघतं. हवा असलेला प्रश्न सरळ विचारायचा आणि त्याच प्रश्नासाठी ठेवलेली नोंद वाचायची. पेऱ्यावरून मालकी नाही, मालकीच्या रकान्यावरून मालकी. सतरा वर्षांनी डर्टी बिटाचं ते दुसरं काम सुटलं आणि तो पुन्हा आपल्या मूळ कामाला लागला.

असो. आता आपल्या रोजच्या कामाकडे येऊ.

फेरफार म्हणजे काय असतो? गाव नमुना ६ मध्ये तलाठी नोंद घेतो. पण नोंद घेतली म्हणजे सातबारा बदलला असं होत नाही. ज्यांचा ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, आणि मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. मंडळ अधिकाऱ्याचं काम तलाठ्याचं अक्षर तपासायचं नाही. त्यानं बघायचं असतं की या नोंदीनं ज्याच्या पायाखालची जमीन सरकणार आहे, त्याला कळवलं का?

रिव्ह्यू म्हणजे नेमकं हेच, आणि आपण बहुतेक वेळा अक्षरच तपासत बसतो. पॅचमध्ये जे बदललंय ते वाचतो. पण २०२१ च्या त्या सफाईत बदललेल्या ओळींत चूक नव्हतीच. चूक होती न बदललेल्या फाइलीत, जी त्या पॅचमध्ये दिसतही नव्हती. डर्टी बिट कोण लावतं, हे सगळ्यांनी पाहिलं. तो कोण वाचतं आणि वाचून काय समजतं, हे राहिलं. म्हणून रिफॅक्टरिंग तपासताना माझा पहिला प्रश्न असतो: ही किंमत, हा फ्लॅग, हा रिटर्न कोड वाचणारे कोण कोण आहेत? त्यांना नोटीस गेली का?

दुसरा प्रश्न: जुना कोड वेडावाकडा आहे, तो तसा का आहे? २०२१ मध्ये हा प्रश्न विचारला गेला, आणि एक खरं उत्तर मिळालं. अडचण अशी की उत्तरं दोन होती. एक कारण सापडलं की आपण शोध थांबवतो.

तिसरा प्रश्न: 'असं होऊच शकत नाही' या भरवशावर काही उभं आहे का, आणि तो भरवसा कशाचा? २००५ मध्ये तो भरवसा सिंगल कोअरच्या जमान्याचा होता, दहा वर्षांत तो जमाना गेला. आपल्याकडेही 'या टेबलात एवढ्या ओळी कधी येणारच नाहीत' म्हणून उभे असलेले किती कोड आहेत, आठवून बघा :)

आणि चौथा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: आपण स्वतः कोड लिहिताना एखाद्या नोंदीवर दुसऱ्या अर्थाचं ओझं टाकतोय का? कारण २०२२ च्या भोकाचं बी सफाईच्या पॅचमध्ये पेरलं गेलं नव्हतं. ते २०१६ मध्ये पेरलं गेलं होतं, एका अत्यंत घाईच्या, अत्यंत गरजेच्या आणि त्या दिवशी पूर्णपणे बरोबर असलेल्या दुरुस्तीत. हाताशी एक बिट होता, त्यावरून काम भागत होतं, भागवलं. वेगळी खूण तयार करणं महाग होतं. ती हिशेबाची बाकी सहा वर्षांनी दुसऱ्याच कोणाच्या नावावर निघाली.

कर्नलच्या जगात पॅचखाली 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून नाव लागतं. त्या शब्दाचा अर्थ कर्नलच्या दस्तावेजात लिहिलेला आहे, आणि त्यात असंही स्पष्ट म्हटलंय की तपासणारा हा कोड प्रत्येक परिस्थितीत नीट चालेल अशी हमी देत नाही. मला ते प्रामाणिक वाटतं. हमी कोणीच देऊ शकत नाही. पण मंडळ अधिकाऱ्याइतकं तरी आपण करू शकतो: सही करण्याआधी ज्यांना विचारायचं त्यांची यादी काढणं. ग्रेप मारायला दोन मिनिटं लागतात. हरकतीला पंधरा दिवस नाही, पण दोन मिनिटं तर देता येतील!

सोमवारी ऑफिसला गेल्यावर 'नुसती सफाई आहे, पटकन बघून टाक' असा पॅच आला, तर चहाचा कप खाली ठेवा आणि मग वाचा.